प्रकरण अभ्यास: एकेचाळीस खोक्यांमधली १९६९ ची मॅक वन

गाडी विकायला काढली तेव्हा ती एका जागी नव्हतीच. बॉडी गॅरेजमध्ये जॅकस्टँडवर, इंजिन शेजारी स्टँडला टांगलेलं, दरवाजे आणि बॉनेट बेसमेंटमध्ये जुन्या गादीला टेकवून, सीट्स नोव्हायला राहणाऱ्या मित्राकडे (त्याची बायको दर दिवाळीला हसत हसत विचारायची, भावजी त्या सीटा नेताय ना यंदा), आणि उरलेलं सगळं एकेचाळीस खोक्यांत. त्यातल्या पंधरा-सोळा खोक्यांवर मार्करने नीट लिहिलेलं आणि बाकीच्यांवर फक्त "मस्टँग" असं. साडेसहा वर्षांत उत्साह कुठे संपला ते त्या मार्करवरूनच कळत होतं.

आधी गाडीबद्दल. १९६९ ची फोर्ड मस्टँग मॅक वन, मेडोलार्क यलो म्हणजे केळ्याच्या सालीसारखा फिकट पिवळा रंग, बॉनेट मॅट काळं. मी डेट्रॉईटच्या पश्चिमेला कँटनला राहायचो आणि ही गाडी तिथून अर्ध्या तासावर, डिअरबॉर्नला बनलेली. व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख-क्रमांकात, दुसरं अक्षर एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर असतं तर सॅन होजे, टी असतं तर मेटचन. पाचवं अक्षर एच, म्हणजे ३५१ घन इंचाचं विंडसर व्ही-एट, दोन बॅरलचं कार्ब्युरेटर, कागदावर २५० हॉर्सपॉवर. मॅक वनमधलं हे सगळ्यात साधं इंजिन. त्या एका वर्षात मॅक वन बनल्या ७२,४५८, तेव्हा "दुर्मिळ" वगैरे म्हणायची सोय नाही. पाचवं अक्षर आर असतं, म्हणजे ४२८ कोब्रा जेट रॅम एअर, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती, लोकांनी खोक्यांसकट उचलून नेली असती.

ऑक्टोबर २०१५ मध्ये १२,००० डॉलरला घेतली. तेव्हा ती चालत नव्हती पण अख्खी होती, आणि हे "अख्खी" प्रकरण किती महत्त्वाचं असतं ते मला विकतानाच कळलं. बाबा टेल्कोत होते, लहानपणी दर रविवारी अंगणात स्कूटर उघडलेली असायची आणि संध्याकाळपर्यंत बंद होऊन स्टँडवर उभी, त्यामुळे गाडी उघडायची भीती अशी मला कधी वाटलीच नाही. पण बाबा संध्याकाळपर्यंत बंद करायचे, हा त्यातला मुख्य भाग मी विसरलो. पहिल्या हिवाळ्यात सगळी उघडली. पहिल्या साठेक पिशव्यांना लेबल, फोटो, सगळं शिस्तीत, मग जानेवारीत गॅरेजमध्ये बोटं गारठायला लागली आणि मी म्हटलं लक्षात राहील.

गंज मात्र अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, आणि या मस्टँगमध्ये तो वरून सुरू होतो हे ज्यांना माहीत नाही ते फसतात. वायपरखाली हवा आत घ्यायची जी जाळी असते, काउल, तिच्यात वर्षानुवर्षं पानं साचतात, पाणी तुंबतं, आतला पत्रा सडतो आणि मग पाऊस थेट पायापाशी. लोक फ्लोअर पॅन, म्हणजे पायाखालचा पत्रा, बदलतात, काउल तसाच, आणि चार वर्षांत नवीन फ्लोअरही गेलेला. मी काउल शंभरावर स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवून नीट केला, त्याचा मला आजही अभिमान आहे आणि विकताना त्याची किंमत जवळपास शून्य आली, कारण काम चांगलं झालं की ते दिसतच नाही.

२०१८ ला बॉडी एका बॉडी शॉपला दिली, फ्लोअर, टॉर्क बॉक्स (खालचा, भार पेलणारा सांधा) आणि मागचे क्वार्टर पॅनल (मागच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे) बदलायला. आठ आठवडे सांगितले होते, लागले चौदा महिने. फोन केला की "पुढच्या सोमवारी". परत आली तेव्हा वरून छान राखाडी एपॉक्सी प्रायमर मारलेला, मी खूश. मग २०२० आलं, पार्ट मिळेनासे झाले, घरात मुलगी झाली, गाडीचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. आईचा व्हिडिओ कॉल आला की नातीनंतर दुसरा प्रश्न, अरे ती पिवळी मार्गी लागली का?

एप्रिल २०२२ ला ऑस्टिनची नोकरी पक्की झाली. ऑगस्टअखेर घर सोडायचं. कंपनी सामान हलवायचे पैसे देणार होती, पण त्यात एकच गाडी आणि तीही चालणारी. बायको काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "तू टेक्सासला चाललायस का ती गाडी, ते ठरव."

तर पर्याय काय होते. पूर्ण करणं, हा पहिला आणि सगळ्यात मूर्ख, चार महिन्यांत शक्यच नव्हतं आणि पैसेही नव्हते. दुसरा, सुटे पार्ट विकणं. यात कागदावर बरे पैसे दिसतात: इंजिन, नऊ इंची मागचा ॲक्सल, कन्सोल, मीटरचं क्लस्टर, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. पण प्रत्येक पार्टचा फोटो, प्रत्येकाशी घासाघीस, पॅकिंग, पोस्ट, आणि शेवटी हातात काय उरतं तर व्हीआयएन असलेला सांगाडा, जो कुणालाच नको. बरं, नुसता कागद आणि व्हीआयएनची पट्टी वेगळी काढून विकता येत नाही, तो सरळ गुन्हा आहे, तरी दोन जणांनी मला नेमकं तेच विचारलं. तिसरा पर्याय ऑनलाइन लिलाव, पण तिथे शे-दोनशे फोटो आणि शेकडो खवचट प्रश्न, आणि माझ्याकडे तर उभी गाडीच नव्हती फोटो काढायला. उरला चौथा, आहे तशी विकणं.

आता भाव. मी काय केलं, जे प्रत्येक जण करतो तेच केलं, खर्चाची वही काढली. गाडी १२,०००, पार्ट ७,४००, इंजिनचं मशीन शॉप ५,२००, बॉडी आणि ब्लास्टिंग ६,५००. एकूण ३१,१००, हत्यारं आणि माझे तास सोडून. म्हटलं थोडं नुकसान सोसू, २७,५०० लावू. जाहिरात टाकली: "१९६९ मॅक वन, ९०% पूर्ण, फक्त असेंब्ली बाकी". सोबत सहा फोटो, त्यातल्या चारांत खोकी.

तीन आठवड्यांत जे आले ते असे: "लास्ट प्राइस?" वाले पंधरा, "आर कोड आहे का" वाले चार, आणि एक गृहस्थ ज्यांनी गाडी न बघता पूर्ण किमतीपेक्षा ३,००० जास्तीचा कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) पाठवायची तयारी दाखवली, वरचे पैसे मी त्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याला वायर करायचे. हा जुना खेळ आहे, चेक खोटा निघायला बँकेला काही दिवस लागतात आणि तोवर तुमचे खरे पैसे गेलेले असतात. माहीत असूनही दोन मिनिटं मन पाघळलं हे कबूल करतो. तीन आठवडे कुणी दारात न फिरकल्यावर माणूस असाच होतो.

मग एक जण खरंच आला. साठीचा, हाताला ग्रीस मुरलेलं, टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन. एकही फालतू प्रश्न नाही. आधी डॅशवरची व्हीआयएन पट्टी आणि तिचे रिव्हेट बघितले, मग पुढच्या चाकांवरच्या आतल्या एप्रनवर ठोकलेला नंबर, मग इंजिन ब्लॉकवरचा. क्वार्टर पॅनलवरून चुंबक फिरवलं, लांबी, म्हणजे पुट्टी, किती भरलीय ते कळायला. मग खाली झोपला, उजव्या टॉर्क बॉक्सपाशी बराच वेळ थांबला, उठला आणि म्हणाला, इथे सीम सीलर, सांधे बुजवायचा थर, फार जाड आहे, खाली काय आहे माहितीय का तुम्हाला? मला माहीत नव्हतं. मग खोक्यांकडे बघून म्हणाला, यात काय आहे आणि काय नाही? मी म्हटलं जवळपास सगळं आहे. तो हसला. म्हणाला, जवळपास सगळं म्हणजे काय नाही तेच मला विकत घ्यायचंय ना. वीस मिनिटांत निघून गेला, भावसुद्धा केला नाही.

त्या रात्री मला जरा राग आला आणि मग बोध झाला. हा माणूस पैशाला घाबरला नव्हता, न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरला होता. माझ्या वहीतले ३१,१०० त्याच्या कुठल्याच हिशोबात नव्हते. त्याचा हिशोब उलटा: बऱ्या अवस्थेतल्या चालत्या एच कोड मॅक वनला तेव्हा आमच्या भागात लोक ४८,००० च्या आसपास मागत होते. त्यातून पेंट १२,०००, इंटीरियर ३,५००, काचा-रबर-क्रोम ३,०००, वायरिंग आणि ब्रेक ३,५०० वजा करा, उरले २६,०००. आणि हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर. ठरल्याप्रमाणे काहीच होत नाही, त्याची वजावट पाच-सात हजार, आणि ही वजावट किती मोठी ते पूर्णपणे विकणाऱ्याच्या हातात असतं. माझ्या "जवळपास"ने ती मी दुप्पट करून ठेवली होती. हॅगर्टीसारखे जुन्या गाड्यांचे भाव छापणारे लोक भाव देतात ते १ (उत्तम) ते ४ नंबरच्या अवस्थेला, तिथला ४ नंबरसुद्धा धावणारी गाडी असते, खोक्यांतली नाही, त्यामुळे तो आकडा दाखवून माझ्यासारख्याने वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक कडू गोष्ट. २०१५ मध्ये होती तशी, गंजकी पण अख्खी, ती गाडी मी २०२२ ला नुसती विकायला उभी केली असती तर बहुधा जास्त पटकन गेली असती. अख्ख्या गाडीत काय नाही ते डोळ्याला दिसतं, सुट्या गाडीत ते विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं.

जाहिरात काढून टाकली. आणि पुढचे पाच विकएंड जे केलं त्यानेच गाडी विकली गेली असं माझं मत आहे. आधी खोकी. बेसमेंटमध्ये ताडपत्री अंथरून सगळी रिकामी केली, असेंब्ली मॅन्युअलची पानं समोर ठेवून एकेक पार्ट जुळवला, नोव्हायचा मित्र सीट्स घेऊन आला आणि दोन दिवस राहिला. शेवटी एक यादी झाली "आहे" ची, आणि दुसरी, जी जास्त कामाची ठरली, "नाही" ची. त्यात तेवीस गोष्टी होत्या: उजव्या क्वार्टरची स्कूप, दोन बॉनेट पिन, वायपर मोटर, मॅक वनची ती झटकन उघडणारी पेट्रोल टाकीची कॅप, असलं बरंच. प्रत्येकापुढे आज नवीन रिप्रो पार्ट, म्हणजे जुन्याबरहुकूम बनवलेला, केवढ्याला मिळतो ते लिहिलं, बेरीज आली १,१०० च्या आत. म्हणजे ज्या "जवळपास"ने गिऱ्हाईक पळत होतं त्याची खरी किंमत अकराशे डॉलर.

मग बॉडी उभी केली. दरवाजे, फेंडर, बॉनेट, बूट, सगळं नुसतं बोल्टवर टेकवून बसवलं, चारही चाकं लावली, स्टीअरिंग जोडलं म्हणजे ढकलून वळवता येईल. काहीही फायनल नाही, पण लांबून गाडी दिसायला लागली. बायको गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "अगंबाई, ही अशी दिसते होय!" सहा वर्षांत तिने ती तशी पाहिलीच नव्हती. इंजिन मुद्दाम बसवलं नाही. मशीन शॉपच्या पावत्या होत्या, सिलिंडर तीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हर म्हणजे तेवढे रुंद केलेले, क्रँक दहा थाउ अंडर म्हणजे तेवढा घासून बारीक, आणि स्टँडवर असलं की गिऱ्हाईक ऑइल पॅन काढून स्वतः बघू शकतं.

आणि तो टॉर्क बॉक्स. रविवारी सकाळी ग्राइंडरने सीलर काढला तर खाली जुना गंजका पत्रा तसाच आणि त्यावर नवीन पट्टी वेल्ड केलेली. बिलात मात्र "बदलला" लिहिलेलं. टॉर्क बॉक्स म्हणजे पुढच्या रेल आणि रॉकरला (दाराखालच्या पट्टीला) जोडणारा सांधा, या गाडीला वेगळी चेसिस नसते, सगळा भार पत्र्यावरच, तिथे असली मलमपट्टी चालत नाही. मित्राचं म्हणणं, परत सीलर मार आणि गप्प बस, तुलाही असंच गळ्यात मारलंय ना. मोह झाला, खोटं कशाला बोला. पण तो चुंबकवाला ज्याने वीस मिनिटांत पकडलं, तसा पुढचाही पकडणार, आणि एकदा एक लपवलेलं सापडलं की मग माझ्या चांगल्या काउलवरही कोण विश्वास ठेवणार. उघडाच ठेवला, फोटो काढले, जाहिरातीत पहिल्या ओळीत घातलं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, माझ्या नावावर, कर्ज नाही. मार्टी रिपोर्ट मागवला, १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कंपनीची मूळ नोंद त्यातून मिळते, आणि इथे तो फार उपयोगी पडतो कारण १९६९ मध्ये मॅक वन आहे की साधी स्पोर्ट्सरूफ (तीच उतरत्या छताची मस्टँग) हे व्हीआयएनमधून कळतच नाही. ते कळतं दारावरच्या पट्टीतल्या ६३सी वरून, आणि दार काय, कुठलंही आणून लावता येतं. त्यातून आमचा एक एप्रन बॉडी शॉपने बदललेला, पण नंबर ठोकलेला जुना तुकडा मी कापून जपून ठेवला होता. त्या एका गंजक्या तुकड्याने पुढे जेवढं काम केलं तेवढं नवीन कार्ब्युरेटरनेही केलं नाही.

जुलैच्या मध्यावर परत जाहिरात टाकली, २१,५०० ला. वेळही बघून निवडली, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ, जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा, असतो, १९९५ पासून चालू आहे, त्याच्या आधीचे काही आठवडे या भागात ज्याला त्याला जुनी गाडी घ्यावीशी वाटते. आता ९०% वगैरे शब्द नाहीत, ११० फोटो, दोन्ही याद्या, टॉर्क बॉक्सचा फोटो दुसऱ्या नंबरला. गंमत म्हणजे "लास्ट प्राइस" वाले जवळपास बंद झाले. फोन आले नऊ, पण नऊही जण बोल्टच्या साइजपर्यंत बोलणारे.

घेतली ती ओहायोतल्या टोलेडोजवळच्या एका बापलेकांनी. बाप रिटायर्ड वेल्डर. ही माझी लॉटरी म्हणा, कारण ज्या टॉर्क बॉक्सला बाकीचे २,००० वजा करत होते तो त्याच्यासाठी एका दुपारचं काम. तीन तास होते दोघं. मुलगा यादी हातात घेऊन खोकी तपासत होता, मनात येईल ते खोकं उघडायचा, सहा खोकी उघडली, सहाही बरोबर निघाली, मग त्याने यादी घडी करून खिशात ठेवली. त्या घडीलाच सौदा झाला असं मला वाटतं, आकडा नंतर ठरला. तो १७,००० म्हणाला, मी २०,५००, मग एकमेकांना शांतपणे बघणं, बापाने जुन्या एप्रनचा तुकडा हातात फिरवत विचारलं हा सोबत मिळणार ना, मी म्हटलं अर्थात. १८,७५० वर हात मिळवले.

वहीप्रमाणे तोटा १२,३५०. आणि अमेरिकेत स्वतःच्या वापराच्या गाडीवरचा तोटा टॅक्समध्ये वजा करता येत नाही, नफा झाला तर मात्र सरकार हजर.

पैसे असे घेतले: त्यांच्या बँकेची एक शाखा आमच्याकडेही होती, सोमवारी तिथे भेटलो, काउंटरवर माझ्यासमोर कॅशियर्स चेक बनला, हातात आला, मग टायटलवर सह्या. मिशिगनमध्ये टायटल नावावर करायला घेणाऱ्याला १५ दिवस असतात, आणि विकणाऱ्याने सही केलेल्या टायटलची किंवा विक्रीच्या पावतीची कॉपी १८ महिने जपून ठेवायची, म्हणजे उद्या त्या गाडीने काही झालं तर दार आपलं वाजत नाही. गाडी ओहायोला जाणार, तिथे बाहेरच्या राज्यातल्या गाडीचा व्हीआयएन प्रत्यक्ष तपासतात, म्हणून डॅशवरच्या पट्टीचा, एप्रनच्या तुकड्याचा आणि मार्टी रिपोर्टचा एक संच करून दिला. मायलेजची भानगड नाही, एवढ्या जुन्या गाडीला ते लिहायची सक्ती नसते.

न्यायला दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेला बॉडी, विंचने ट्रेलरवर ओढली, ब्रेक नसल्याने उतारावर मी आणि मित्र चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवत चाललो होतो, मुलगी खिडकीतून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या खेपेला इंजिन आणि एकेचाळीस खोकी. गॅरेज रिकामं झाल्यावर जमिनीवर तेलाचा एक डाग उरला, घरमालकाने त्याचे १५० कापले.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सामान बांधताना गणपतीच्या मखराचं खोकं उघडलं, कारण ऑस्टिनला पोचल्या पोचल्या चतुर्थी होती. थर्माकोलच्या खांबांच्या खाली, जुन्या झिरमिळ्यांत गुंडाळलेली ती पेट्रोल टाकीची कॅप. "नाही"च्या यादीत सातव्या नंबरला होती. तिथे कशी गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही, बायको म्हणते मीच ठेवली असणार, मी म्हणतो तीच. टोलेडोला फोन केला तर मुलगा म्हणाला नवीन आधीच मागवली, पण बाबा म्हणतायत ओरिजिनल पाठवा, नवीनचं झाकण नीट बसत नाहीये.